आधी सुई, मग वेग: ७८ च्या रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर घेताना

नेरूळच्या एका वाचकांनी विचारलं आहे: आजोबांच्या पेटीत चाळीसेक जुन्या रेकॉर्ड्स सापडल्या. बहुतेक एचएमव्ही, काही कोलंबिया, दोन-तीन यंग इंडिया. नाट्यगीतं आणि भावगीतं जास्त, शिवाय तीन रेकॉर्ड्स एकाच बाजूला गाणं असलेल्या, फार जुन्या. त्यांनी यूएसबीवाला टर्नटेबल घेतला, त्याला ७८ चं (मिनिटाला ७८ फेऱ्या) बटण आहे. गाणं वाजतं, पण खरखर एवढी की शब्द कळत नाहीत, आणि आजी म्हणते, "यांचा आवाज असा नव्हता." सुई कुठली घेऊ आणि वेग नेमका किती ठेवू, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि गेली वीसेक वर्षं लोकांच्या घरच्या अशा रेकॉर्ड्स डिजिटल करून देतो. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमचे दोन प्रश्न एका जातीचे नाहीत. वेग चुकला तर नंतर कॉम्प्युटरवर सुधारता येतो, दहा वर्षांनीसुद्धा. सुई चुकली तर जे खाचेतून उचललंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून पैसे आणि जीव आधी सुईवर लावा. वेगाला पैसे लागत नाहीत. त्याला कान आणि वेळ लागतो.

टर्नटेबलला ७८ चं बटण आहे म्हणजे तो ७८ च्या वेगाने फिरतो, एवढंच. सोबत येणारी सुई जवळजवळ नेहमी एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या रेकॉर्डची असते. तुमचीही तीच असणार. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, ७८ च्या रेकॉर्डची खाच वरच्या तोंडाशी सुमारे १५० मायक्रॉन रुंद असते. तिथे १८ मायक्रॉनचं टोक ठेवलं की ते भिंतींना नीट टेकतच नाही. थेट तळाशी जातं आणि सत्तर वर्षांच्या धुळीत आणि पिनांच्या चुऱ्यात इकडून तिकडे भरकटतं. तुमची खरखर बहुतेक तीच आहे. गाणं भिंतींवर कोरलेलं आहे आणि तुम्ही जमीन ऐकताय.

७८ साठी सुईचं माप 'मिल'मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. बाजारात सहज मिळणारी ७८ ची सुई ३ मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉनची असते. ऑर्टोफोनच्या २एम ७८ ची ६५ मायक्रॉन, म्हणजे अडीच मिलच्या आसपास. माझ्याकडे २ पासून ४ मिलपर्यंत आठ सुया आहेत, त्यातल्या काहींची टोकं इंग्लंडमधल्या एक्स्पर्ट स्टायलस कंपनीकडून बसवून घेतलेली. घरच्या चाळीस रेकॉर्ड्ससाठी आठ सुया घ्या असं मी सांगणार नाही. पण आठ का लागतात हे कळलं की दोनमध्ये काम कसं भागवायचं तेही कळेल.

पूर्वीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड असायचा आणि त्यात पोलादी पिन. रेकॉर्डच्या मालात लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असायची, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत पिनच घासून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवीन पिन लावायची पद्धत होती. पण एका डबीतल्या पिना महिनाभर पुरवणारी घरं पुष्कळ, आणि लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर वाजलेल्या रेकॉर्ड्सची गत तर विचारू नका. बोथट पिनेची धार झाली की ती भिंतीचा एक ठरावीक पट्टा कुरतडते. त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली मात्र भिंत अजून शाबूत असते.

त्या शाबूत पट्ट्याला टेकणारी सुई शोधणं, हेच सुई निवडायचं काम. बारीक सुई खोल टेकते, जाड सुई वर टेकते. पिनेने मधला भाग खाल्ला असेल तर ३ मिलची सुई नेमकी त्या खाल्लेल्या भागावरच बसेल. तिथे २.३ किंवा ३.५ ने चमत्कार वाटावा इतका फरक पडतो. म्हणून "७८ ला ३ मिल" हे उत्तर सुरुवातीपुरतं ठीक आहे, पण प्रत्येक रेकॉर्डला ते लागू पडेलच असं नाही. ढोबळमानाने सांगायचं तर १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या रेकॉर्ड्सना रुंद खाच असते आणि त्या जाड सुईला चांगला प्रतिसाद देतात. चाळीस-पन्नासच्या दशकातल्यांना अडीच मिल किंवा त्याहून किंचित बारीक सुई बरी पडते. आपल्याकडे ७८ च्या रेकॉर्ड्स साठच्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे आजोबांच्या भावगीतांत उशिराच्याही बऱ्याच असतील.

आता हे घरी कसं ठरवायचं? आधी रेकॉर्ड टेबललॅम्पच्या तिरप्या प्रकाशात धरा. चांगली खाच काळीभोर चमकते. झिजलेली राखाडी, पावडर लावल्यासारखी दिसते. बहुतेकदा हा राखाडीपणा जोरकस जागांवर आणि लेबलाजवळ जास्त असतो. मग वाजवून पाहा, पण सुरुवातीचा तुकडा घेऊ नका. दोन तृतीयांश गाणं झाल्यावरची, गायकाने आवाज लावलेली वीसेक सेकंदं घ्या. तोच तुकडा दोन्ही सुयांनी, रेकॉर्डिंगची लेव्हल सारखी ठेवून घ्या आणि हेडफोनवर एकामागून एक ऐका.

ऐकताना नुसत्या खरखरीवर निकाल देऊ नका. इथे नवशिके हमखास फसतात. जाड सुईने खरखर कमी वाटते, म्हणून तीच चांगली असं वाटतं. पण जोराच्या स्वरावर आवाज फाटतो का, ते ऐका. खरखर आणि टकटक नंतर सॉफ्टवेअरने बरीच कमी होते. फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून थोडी जास्त खरखर पण न फाटलेला स्वर, असा सौदा मी नेहमी करतो. 'स', 'श' ही अक्षरं आणि तानेतले वेगळे दाणे कुठल्या सुईने सुटे ऐकू येतात तेही पाहा.

लेबलाजवळच्या भागाबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण आपल्या संगीतात तो फार महत्त्वाचा आहे. दहा इंची रेकॉर्डच्या कडेला सुईखालून जेवढी लांबी एका फेरीत सरकते, त्याच्या निम्म्याहूनही कमी लांबी लेबलाजवळ सरकते. तेवढ्याच वेळेचं गाणं तिथे निम्म्या जागेत कोंबलेलं असतं. आणि तीन-सव्वातीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये गवयाने जोरकस ताना ठेवलेल्या असतात त्या शेवटाला, म्हणजे नेमक्या त्या अडचणीच्या जागी. म्हणून एखाद्या रेकॉर्डला मी सुरुवातीसाठी एक सुई आणि शेवटच्या मिनिटासाठी दुसरी वापरून दोन्ही ट्रान्सफर जोडलेत. गोल टोकापेक्षा लंबगोल टोक तिथे बारकावे जास्त उचलतं. मात्र खाच फुटकी-तुटकी असेल तर गोल टोकच सरळ चालतं. तळ छाटलेलं टोकही मिळतं. ते खाचेच्या तळाला टेकतच नाही, त्यामुळे तळाची घाण ऐकू येत नाही. जमलं तर तसंच घ्या.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: एकाच कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) बदलता येतील अशा दोन सुया घ्या, एक ३ मिल आणि एक अडीचच्या जवळची. चाळीसपैकी तीसेक रेकॉर्ड्स या दोनपैकी एकीने समाधानकारक निघतील असा माझा अंदाज आहे. सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार, म्हणजे वजन, त्या सुईच्या कागदावर दिलेलं असेल तेच ठेवा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी ५ ग्रॅम मागते, ऑर्टोफोनची २एम ७८ फक्त १.८ ग्रॅमवर चालते. "रेकॉर्ड जुनी आहे, हलकं ठेवू" म्हणून वजन कमी करणारे भेटतात. कमी वजनाची सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीत भिंतीला टोचते.

सुई यायच्या आधी रेकॉर्ड्स धुऊन ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेबलावर आणि खाचांत बुरशी धरतेच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने हात, मग स्वच्छ पाणी आणि पंख्याखाली उभी करून वाळवणं. लेबल भिजू देऊ नका. स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल वापरू नका. लाख त्यात विरघळते, पाच मिनिटांत रेकॉर्ड वाया जाते. कडेला तडा असेल आणि आत कागदाचा थर दिसत असेल, तर त्या रेकॉर्डला पाणीही नको, कोरडा ब्रश फिरवा.

आणि रेकॉर्डिंग स्टिरिओमध्येच करा, जरी गाणं मोनो असलं तरी. डावा चॅनल एक भिंत, उजवा चॅनल दुसरी भिंत. दोन्ही एकत्र केले की सुईच्या वर-खाली हलण्याने येणारा बराच आवाज आपोआप कटतो. पुष्कळदा एकच भिंत जास्त झिजलेली असते. मग मी दुसरीच तेवढी ठेवतो. हे सगळं नंतर ठरवता येतं, फक्त सुरुवातीला दोन्ही घेतलेलं हवं. शक्य असेल तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ.

टर्नटेबलच्या आत जो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आहे तो एलपीसाठीच्या आरआयएए पद्धतीने आवाज बदलतो. ही पद्धत १९५४ पासूनची. ती १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल खाली दाबते. ७८ च्या रेकॉर्ड्स त्या हिशेबाने कापलेल्याच नाहीत, आणि १९२५ च्या आधीच्यांना तर कुठलाच विजेचा हिशेब नव्हता. मागे फोनो आणि लाइन असा खटका असेल तर फोनोवर ठेवून साधा सपाट, म्हणजे असा बदल न करणारा, प्रीअँप वापरा. नसेल तर आहे तसं घ्या. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदल उलटवता येतो.

आता वेग. आजीच्या वाक्यात मला सगळ्यात जास्त रस आहे.

प्लेटचा वेग मोजणं सोपं आहे. स्ट्रोबचा, म्हणजे प्लेटवर ठेवून दिव्याखाली पाहायचा रेघांचा कागद येतो, त्यात आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघा असतात. त्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ९२ रेघांनी तो ७८.२६ येतो. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, कानाला जाणवणार नाही. मात्र घरचा एलईडी बल्ब बहुधा त्या लयीत लुकलुकत नाही, त्याच्याखाली रेघा दिसत नाहीत. जुन्या बोर्डावरचा निऑन इंडिकेटर चालतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे रेकॉर्डवरचा आडवा ओरखडा. तो प्रत्येक फेरीला एकदा 'टक्' करतो. रेकॉर्डिंगच्या आलेखात सलग दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. ७.६७ सेकंद आलं तर प्लेट ७८.२६ ने फिरत होती.

पण हा झाला तुमच्या प्लेटचा वेग. गाताना यंत्र किती वेगाने फिरत होतं हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर लेबलावर क्वचितच मिळतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं घेतलं, तेव्हापासून पहिली वीसेक वर्षं वेग पक्का ठरलेला नव्हता. मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्यांपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही सापडतं. विसाच्या दशकातल्या कोलंबियाच्या रेकॉर्ड्स ८० वर असायच्या. आधीची यंत्रं वजनाच्या जोरावर फिरणारी, त्यामुळे एकाच बाजूच्या सुरुवातीचा आणि शेवटचा वेगही सारखा असतोच असं नाही. तीसच्या दशकापासूनच्या विजेवर घेतलेल्या रेकॉर्ड्स मात्र ७८ ला बहुतेक बरोबर बसतात. म्हणजे तुमच्या चाळीसपैकी जेमतेम पाच-सहांनाच ही डोकेदुखी आहे, आणि त्यात त्या तीन एकबाजू रेकॉर्ड्स नक्की.

इथे आपल्याकडची पेटी मदतीला येते. साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन असेल तर तो सूर कुठल्या तरी पट्टीवर असणारच. ७८ वर गाण्याचा 'सा' पांढरी सहा आणि काळी पाचच्या मध्ये कुठेतरी लटकत असेल तर वेग चुकलेला असण्याची दाट शक्यता. तो पट्टीवर येईपर्यंत वेग हलवा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, त्या काळच्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला नेमक्या लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे ट्यूनरचा काटा शून्यावर आणायचा हट्ट नको. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. एक अर्धस्वर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के. 'सा' ७८.३ वर एका पट्टीवर बसत असेल तर तो ७३.९ वरही खालच्या पट्टीवर तितकाच चोख बसेल. पेटी तुम्हाला दोन-तीन उमेदवार देते. त्यातला खरा कोण ते कंठ सांगतो.

याचा धडा मला एका आजींनी दिला. नौपाड्यातल्याच एका कुटुंबाने त्यांच्या आजीसाठी एक रेकॉर्ड आणली होती, १९१० च्या आसपासची, बाईंचा आवाज, साथीला सारंगी, तबला आणि पेटी. मी ७८ वर घेतली. पेटी बरोबर काळी पाचवर. काटा जागेवर, मी खूश. आजी ऐंशी पार केलेल्या, तरुणपणी गाणं शिकलेल्या. डोळे मिटून अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, हिला एवढी घाई कसली झालीय?" मी तिथेच लॅपटॉपवर वेग ७३.९ केला. पेटी आली पांढरी सहावर, पण ती काही मी ऐकली नाही. सारंगी एकदम खोल झाली, तबल्याच्या बायाला पोट आलं. शेवटी बाईंनी आपलं नाव सांगितलं, ते एका मोठ्या बाईच्या आवाजात आलं. आधी ते एखाद्या मुलीने सांगितल्यासारखं वाटत होतं. आजींनी डोळे उघडले नाहीत, फक्त मान हलवली. त्या रेकॉर्डची फाइल मी पुन्हा बनवली. आधीची कुणाला दिली गेली नाही याचं मला अजूनही बरं वाटतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. पेटीवरून उमेदवार काढायचे. मग शेवटची नाव सांगायची ओळ असेल तर ती ऐकायची, कारण बोलण्यातला खोटेपणा गाण्यापेक्षा लवकर कळतो. मग तबल्याचा बाया. मग त्याच कलाकाराची नंतरच्या काळातली, वेग पक्का असलेली रेकॉर्ड मिळाली तर शेजारी लावून कंठाचा पोत ताडून पाहायचा. रेकॉर्ड कधीची हे कळलं तरी मदत होते. लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर (कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला क्रमांक) टिपून ठेवा. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधली जाणकार मंडळी त्यावरून साल सांगू शकतात.

स्वर दर फेरीला लाटेसारखा वर-खाली होत असेल, सेकंदाला साधारण सव्वा वेळा, तर ती वेगाची चूक नाही, भोक मध्यावर नाही. भोक कानशीने मोठं करू नका. खाली दोन-तीन जाड मॅट ठेवून रेकॉर्ड स्पिंडलच्या वर आणा, हाताने सरकवत मध्यावर बसवा आणि टोनआर्मची उंचीही तेवढीच वाढवा.

प्रत्यक्ष घेताना तुमचा टर्नटेबल ७८ वर ठेवा आणि वेग नंतर सॉफ्टवेअरमध्ये बदला. त्यात स्वर आणि लय दोन्ही एकत्र बदलतील असाच पर्याय निवडा. लय तशीच ठेवून फक्त स्वर खाली आणणारे पर्याय असतात, ते इथे चालत नाहीत. रेकॉर्ड फार वाकलेली असेल आणि सुई उडत असेल तर ४५ वर घ्या आणि नंतर १.७४ पट वेग वाढवा. अशा वेळी प्रीअँपचा तो आरआयएएचा बदल वेग वाढवायच्या आधी उलटवा, नाहीतर सगळे आकडे सरकतात. मूळ फाइल न बदलता वेगळी जपा आणि तिच्या नावात सुईचं माप, वजन आणि प्लेटचा वेग लिहा. उद्या कुणाला तुमचा अंदाज पटला नाही तर त्याला रेकॉर्ड पुन्हा वाजवावी लागणार नाही.

त्या तीन एकबाजू रेकॉर्ड्स आत्ताच्या सुईने आणखी वाजवू नका. नवीन सुया आल्या की आधी भावगीतांवर हात बसवा आणि या तिघींना शेवटी घ्या. त्यांना ३ मिलनेही समाधान झालं नाही तर ३.३ आणि ३.५ माझ्याकडे आहेत. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, रेकॉर्ड्स उभ्या धरून आणा, आडव्या रचून नको. आणि फाइल तयार झाली की ७४, ७६ आणि ७८ अशा तीन वेगांत ती आजीला ऐकवा. कुठला कुठला ते आधी सांगू नका.